बाद चादरींची पोतेरी

हिलालच्या हातून एखादी वस्तू टाकून देणं म्हणजे महाकठीण काम. सुरतेतल्या एका विद्यापीठाच्या भांडारात तो कारकून होता, आणि त्या भांडारात पाय ठेवायला जागा नसायची. मोडक्या खुर्चीचा पायसुद्धा हा गडी ‘राहू द्या, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवून घ्यायचा. साहेबलोक वैतागायचे, शिपाई हसायचे, हिलालवर ढिम्म परिणाम होत नसे. धुळ्याकडच्या खेड्यातून येऊन सुरतेच्या गोडादरा वस्तीत दोन खोल्यांत संसार मांडलेल्या माणसाला वस्तूची कदर असते, हे तो इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याचे कान किटायचे.

ते शहाण्णव साल होतं आणि सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगने शहराची पार अब्रू गेली होती, म्हणून आता गल्लोगल्ली झाडू फिरत होते, गटारं उपसली जात होती. विद्यापीठ तरी मागे कसं राहील? फरशी पुसायला फोमचे पोछे आले, फळे पुसायला फोमची डस्टरं आली, टेबलं पुसायला प्लास्टिकच्या पुड्यांतली कसली कसली फडकी आली. सगळं नवं कोरं आणि सगळं दोन महिन्यांत फाटणारं. फाटलं की वसतिगृहामागे ढीग, ढिगाला काडी, आणि मग अख्ख्या आवारात तो घाणेरडा काळा धूर. स्वच्छतेसाठी घाण विकत आणायची हा प्रकार बघून हिलालच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस तो सरळ खरेदी विभागाच्या प्रमुखांसमोर जाऊन उभा राहिला. जरीवालामॅडम कडक बाई, पण ऐकून घेणारी.

“मॅडम, कापडाच्या गावात राहून आपण फोम विकत घेतो,” हिलाल म्हणाला. “आमच्या गल्लीतल्या बाया चिंध्यांची फडकी शिवतील. धुवायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. जाळायचं कामच नाही.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “सॅम्पल लावो, हिलालभाई. पछी वात.”

आधी नमुना आणा, मग बोलू, एवढ्यावरच हिलाल हरखला. संध्याकाळी गल्लीत पोचतो न पोचतो तो शेजारच्या प्रमिलाबाईंना हाक मारून त्याने काम मिळाल्यातच जमा असल्यासारखी बातमी सांगून टाकली. प्रमिलाबाईंचा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. लूम चालला तर चूल, नाहीतर हातावर हात, अशी त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांची तऱ्हा. वर्षभर पुरेल असं शिवणकाम घरबसल्या मिळणार म्हटल्यावर बाया एकदम कामाला लागल्या. कारखान्यांमागे पडलेली कात्रणं पोत्यांनी आली आणि आठवड्याभरात फडकी तयार झाली. काय ती फडकी! जांभळी, मोरपंखी, सोनेरी काठाची. पुसायला घेण्यापेक्षा अंगावर पांघरावीत अशी.

हिलालने ती जशीच्या तशी उचलली आणि खरेदी समितीच्या बैठकीत नेली. मोठ्या ऐटीत त्याने फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि पोतेरं फिरवलं. पाणी इकडून तिकडे गेलं. पुन्हा फिरवलं. पाणी तिकडून इकडे आलं. पोतेऱ्याने थेंब म्हणून प्यायला नाही. डस्टर घेऊन फळा पुसायला गेला, तर खडूची भुकटी फळाभर पसरली आणि वर फडकं त्याच्या बाहीलाच चिकटून बसलं. सगळी समिती खो खो हसली. जरीवालामॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, आणि हिलालला त्याचंच जास्त लागलं.

झालं होतं ते असं. सुरतेचे लूम विणतात पॉलिस्टर आणि नायलॉन. ते पाण्याला जवळ करत नाही. ही गोष्ट गोडादऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, कारण घरोघरी बाप तेच विणतो. पण मनातलं गाव काही सुटत नाही. गावाकडे चिंधी म्हणजे जुन्या लुगड्याची, धोतराची, सुतीच. कात्रण हाती घेताना एकीलाही वाटलं नाही की ही चिंधी वेगळी आहे. रोज डोळ्यांसमोर विणलं जाणारं कापड कुणी ओळखलंच नाही. आणि आपल्या हिलालरावांनी? त्यांना तर घोडं दामटायची घाई!

गल्लीत त्याची काय शोभा झाली ते सांगायला नको. “आम्हनी मेहनत पाणीमा गई ना रे भाऊ!” प्रमिलाबाई अहिराणीत कडाडल्या. बाकीच्या बाया तर त्याच्याकडे बघेनात. हिलालची बायको सुमन हिनेही दोन दिवस वाढताना ताट जरा जोरातच आपटलं. त्याला स्वतःला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपलं हसं झालं ते एक वेळ चालेल, पण या बायांना आशेला लावून आपण तोंडघशी पाडलं, हे त्याला सहन होत नव्हतं.

सुती कापड हवं होतं आणि सुरतेत ते आणायचं कुठून, हा प्रश्न घेऊन तो भांडारात बसला होता. बसला होता तो गठ्ठ्यावर. गठ्ठा होता वसतिगृहाच्या बाद झालेल्या चादरींचा. दरवर्षी शेकड्यांनी चादरी बाद व्हायच्या आणि लिलावात कवडीमोलाने जायच्या. हिलालने एक चादर उपसली. सुती, आणि धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ. त्याने टेबलावरचं पाणी तिच्यावर सांडलं. चादरीने ते गटकन पिऊन टाकलं.

तो तसाच धावत मॅडमच्या खोलीत गेला. “मॅडम, कापड विकत घ्यायचंच नाही! कापड आपल्याकडेच आहे. फक्त शिलाई घ्यायची!”

मॅडम विचारात पडल्या. बाद वस्तूचा लिलावच करायचा असा नियम होता. पण बाई हिकमती. “समितीत ठराव मी मांडते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मात्र या वेळी घरून पाणी पाजून बघून आणा.”

आता बायांना पुन्हा तयार करायचं होतं. एकही उठेना. एकदा तोंड पोळलेलं होतं. शेवटी प्रमिलाबाईंनीच चादरीचा तुकडा हाती घेतला, बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. मग म्हणाल्या, “हाई खरं सुत शे. शिवा वं बायाहोन. आते मी येस तुनासंगे, हिलाल. तू नुसता उभा ऱ्हाय.”

बैठकीच्या दिवशी प्रमिलाबाई नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन समितीसमोर उभ्या राहिल्या. एक साहेब हळूच दुसऱ्याच्या कानाशी लागले. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं. शिपायाने तांब्या पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला आणि कोपऱ्यातली भरलेली बादलीच उचलून फरशीवर ओतली. पाणी टेबलाखाली शिरलं. साहेबलोकांनी भराभर पाय वर घेतले. हिलालचा जीव टांगणीला लागला. बाईंनी चौघडी पोतेरं टाकलं, ओढलं, पिळलं, पुन्हा ओढलं, आणि बघता बघता फरशी कोरडी ठणठणीत. मग फळा पुसला. नव्या पाटीसारखा काळा कुळकुळीत फळा.

या वेळी हसलं कुणी नाही. मॅडमनी विचारलं, “तो पछी, फोम बंध?” फोम बंद करायला एकेक हात वर होत गेला.

हिलाल निघायच्या घाईत होता, पण प्रमिलाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या शुद्ध मराठीत, गावच्या पाटलाशी बोलावं तशा म्हणाल्या, “बाईसाहेब, या सालापुरतं नको. दरसाल पाहिजे. आम्ही मशिनी अंगणात मांडल्या आहेत.”

हिलालने डोळे मिटून घेतले. आता ही बाई सगळं घालवणार! पण मॅडमनी ठरावात आणखी एक ओळ घातली आणि मोठ्याने वाचून दाखवली. यापुढे विद्यापीठात कोणतीही नवी वस्तू घेण्याआधी ती भांडारातल्या बाद मालातून होईल का हे पाहायचं, आणि होत असेल तर काम दरवर्षी या बायांना द्यायचं. हिलालला वाटलं, आयुष्यभर आपण हेच तर बडबडत आलो, आणि आज ते कुणीतरी आपल्या तोंडावर कायदा म्हणून वाचून दाखवतंय.

गोडादऱ्यात ते दोघं पोचले तेव्हा गल्ली नळावर जमली होती. “सांग ना भाऊ, काय व्हयनं?” सगळ्या एकदम ओरडल्या. हिलालने तोंड उघडलं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाया क्षणभर घाबरल्या. तेवढ्यात प्रमिलाबाई ओरडल्या, “अवं, व्हयनं! दरसालनं व्हयनं!”

मग काय विचारता! हंडे-कळशा तिथेच राहिल्या आणि गावाकडे कानबाईच्या सणाला खेळतात तशा बायांच्या फुगड्या सुरू झाल्या. सुमनने नवऱ्याचे हात धरले आणि त्यालाही ओढलं. भांडाराचा कारकून भर रस्त्यात, चपला उडवत, रडत आणि हसत गरगर फिरत होता. एवढा आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.