वहीत न लिहिलेली खीर

आपल्या पोटाविषयी चार लोकांत बोलू नये, हे मला कळते. पण देवीची कृपा झाली ती नेमकी तिथेच, तेव्हा माझा नाइलाज आहे. मी कल्याणच्या कचेरीत कारकून. तीन वर्षे संग्रहणीने मला पिळून काढले. दिवसातून दहा-बारा वेळा परसाकडे धाव, रक्त पडे, बाराबंदी अंगावर नुसती लोंबे. वैद्यांनी हात टेकले. मी बरा होईपर्यंत एकभुक्त राहायचे, असे व्रत आमच्या कुटुंबाने धरले आणि देवीला रोज देवळात खिरीचा नैवेद्य बोलली. तो प्रसाद मीच खायचा. दुखणे वाढले की नवस वाढे, नवस वाढला की खीर. असा मी एका वाटीवरून तीन वाट्यांवर आलो. देवी ऐकत कशी नाही, म्हणून तिच्यावर मनातून रागावूही लागलो होतो. खोटे कशाला सांगू?

दवाखान्यातले डॉक्टर अशाच रोग्यांचा अभ्यास करीत. हा साधा अतिसार नव्हे, ते म्हणत. आतड्याला आतून व्रण पडतात, पण का पडतात ते विलायतेतही कुणाला धड ठाऊक नाही. त्यांनी मला एक वही दिली. खाल्लेला प्रत्येक घास आणि परसाकडची प्रत्येक खेप त्यात लिहायची. लिहिण्यात माझा हात कोण धरणार? दोन महिने मी सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि ते वाचून डॉक्टर डोके धरून बसत. मऊ भात आणि मुगाच्या वरणावर माणूस असा झिजतो कसा, हे त्यांना उलगडेना.

एके सकाळी मी त्यांना वही वाचून दाखवीत होतो. बाजूच्या बाकावर मिठागरावरचा एक म्हातारा पायाला पट्टी बांधून घेत होता. देवळाच्या पायरीवर रोज बसणारा, म्हणून तोंडओळख होती. तो मध्येच म्हणाला, "रोज देवलान तीन वाट्या खीर खातस. ती कं लिवली नाय?"

मी चिडलो. "बाबा, तो प्रसाद आहे. प्रसाद कुणी जेवणात धरतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग तो जातो कुठे, रावसाहेब?"

दूध बंद झाले. प्रसाद नाकारणे मला जमेना; म्हणून एक शीत कपाळाला लावून बाकीची खीर म्हाताऱ्याला देऊ लागलो. तीन आठवड्यांत रक्त थांबले. डॉक्टर मात्र याला उपाय म्हणेनात. "तुम्हांला दूध सोसत नाही, एवढंच कळलं. बाकीच्यांचं शोधायचंय," म्हणाले आणि स्वतःच्या वहीत लिहीत बसले.

अशा गोष्टींत देवाने धाडलेला माणूस काम झाले की दिसेनासा होतो म्हणतात. आमचा होत नाही. रोज पायरीवर हजर असतो, आणि साखर कमी पडली की बोलूनही दाखवतो. मी त्याला मनातून नमस्कार करतो. सगळा भार देवीवर टाकला असे मी म्हणत असे, पण काय खाल्ले ते तिच्याच नावाखाली झाकून ठेवले होते. आता काही हातचे राखत नाही.

एका संध्याकाळी मी कुटुंबाला म्हणालो, "आता तूही रात्रीची जेवत जा." तिने विचारले, "आधी खरं सांगा, आज किती वेळा?" मी म्हणालो, "एकदा." तिने स्वतःसाठी पान मांडले. पहिला घास घेताना ती रडली, आणि मी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.