नवसाच्या कोंबड्याची पिसं

आप्पाभावजी गेल्याचा निरोप शाळेच्या शिपायानं आणला, तेव्हा मी चौथीच्या मुलांकडून एकोणतिसाचा पाढा म्हणून घेत होते. पाढा पुरा केला, मगच पुस्तक मिटलं. त्याला महिना झाला. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांना त्यांच्या कलेविषयी चार चांगले शब्द हवेत. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मग लेख दुसऱ्या कुणाकडे तरी मागायचा होता.

कला होती, हे खरं. माझे हे थोरले दीर काश्मीरला एका लष्करी साहेबाचे ऑर्डर्ली होते. साहेबाला मासेमारीचा नाद. तिथल्या थंड पाण्यातला मासा म्हणे पाण्यावर बसलेल्या माशीला भुलतो. तसली खोटी माशी बांधायला भावजी शिकले आणि पेन्शनीवर रहिमतपूरजवळ आमच्या गावी आल्यावर मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवू लागले. छोट्याशा शिकंज्यात बारीक गळ आवळायचा, रेशमी दोऱ्याला मेण चोळायचं, त्यावर सशाची लव वळून माशीचं अंग करायचं, आणि शेवटी कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती असं फिरवायचं की त्याचे केस चहूबाजूंनी ताठ उभे राहावेत. त्या केसांवर माशी तरंगते. वाटीतल्या पाण्यात टाकून बघायची; बुडाली की ब्लेडनं फाडायची.

घोडं अडायचं ते पिसापाशी. कोवळ्या कोंबड्याचं पीस मऊ, ते पाणी पितं. पीस हवं दोन-तीन वर्षांच्या जून कोंबड्याचं. आमच्याकडे कोंबडा एवढा जगतो कुठे? पाहुणा आला की गेला, जत्रा आली की गेला. अख्ख्या गावात म्हातारा कोंबडा एकच होता... माझा. माझे यजमान फौजेत भरती झाले तेव्हा मी म्हसोबाला बोलले होते, धडधाकट घरी येऊ दे, हा कोंबडा तुला. मुलांना विज्ञान शिकवते मी, तरी बोलले. देवाचा कोंबडा अव्यंग लागतो, म्हणून त्याला तीन वर्षं जिवापाड जपलं.

एकाहत्तरची लढाई लागली. ह्यांचं पत्र येईना. अशात एके दुपारी शाळेतून आले तर कोंबडा उकिरड्यावर दाणे टिपत होता, मानेवर एक पीस नाही, नुसती लालभडक. पदराचं भान राहिलं नाही. भावजींच्या खिडकीशी जाऊन ओरडले, "आवं, देवाचा हुता त्यो! तुमच्याच भावासाठी!"

मान वर न करता म्हणाले, "पिसं परत येत्यात. पार्सल उद्या जायाचं हाय. लय झकास पीस हाय, बग."

बग म्हणे! पंधरा दिवसांनी तार आली. सुरुंगावर पाय पडून ह्यांचा पाय गुडघ्याखाली गेला होता.

कोंबड्यामुळे सुरुंग फुटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. हेही शंभरदा म्हणाले, "खुळी हायस का? सुरुंग काय आप्पानं पेरला हुता?" नाही पेरला. पण ते पंधरा दिवस मी त्या उघड्या मानेकडे बघत जीव मुठीत धरून काढले. एकदा 'चुकलं' म्हणायला जीभ झडणार होती का भावजींची?

नाहीच म्हणाले. हे कुबडी घेऊन घरी आले, तसे भावजी रोज सकाळी सातला शिकंजा पिशवीत घालून यायचे आणि ह्यांना माशी बांधायला शिकवायचे. माशी बुडाली की, "फाड. पुन्यांदा बांध." दोन वर्षांनी ह्यांचा हात बसला. आज आमची चूल त्यावर चालते, तेही मी नाकारत नाही. मी नाकारला तो चहा. सात वर्षं, रोज, एकच कप आणून ह्यांच्यापुढे ठेवला. थोरल्या दिराला चहा न विचारणारी म्हणून भावकीत माझी शोभा झाली. ते मात्र ह्यांचा कप रिकामा होईस्तोवर हात मांडीवर ठेवून बसायचे.

परवा सकाळी कप आणला, तर हे पिईनात.

"निवतोय," मी म्हणाले.

"आप्पानं चा सोडला हुता," हे म्हणाले. "तार आली त्याच दिवशी. तू इचारलं आसतंस तरी घेतला नसता."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"सांगू नगं म्हनला. राग काढाय तिला कायतरी आसूं दे म्हनला."

कप मी मोरीत ओतला. माझ्या रागाची सोय बघणारे हे कोण? कोंबड्याचं एक वेळ सोडून देईन... ह्याबद्दल त्यांना मुळीच माफ करणार नाही.