अकोल्याची मुलाखत आणि उशिरा पडणारी ठिणगी

सकाळी आठला राजापेठेतून निघताना वकीलसाहेब म्हणाले, "साडेदहाला अकोल्यात!" माझी मुलाखत एक वाजता होती. तिथल्या शाळेत विज्ञानशिक्षकाची एकच जागा होती आणि आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. बाबांनी शेजारच्या वकीलसाहेबांना नुसते सांगितले, तर ते आपली जुनी मोटार काढून स्वतःच निघाले.

बडनेरा मागे पडले आणि गाडीचा दम गेला. मागून फटाफट बार उडू लागले, पुढून वाफ निघू लागली. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. दोन्हीकडे कपाशी फुटली होती. वेचणीच्या बाया कमरेवर हात ठेवून बघू लागल्या.

"काहून जी, वरात घेऊन चालले काय?"

पेट्रोलमध्ये कचरा असेल, असे मी ठामपणे सांगितले. कार्बोरेटर साफ केला, प्लग पुसले. तास गेला, बार तसेच. रडतखडत मूर्तिजापूर गाठले तेव्हा साडेअकरा झाले होते.

रस्त्यालगतच्या जिनात (सरकी काढण्याच्या कारखान्यात) एक वयस्क फिटर यंत्रांना तेल देत होता. आमचे बार ऐकूनच तो बाहेर आला.

"साहेब, दसऱ्याले गाडी पुजली का?"

"म्हणजे काय! खंडेनवमीला एकेक भाग काढून, धुऊन, हळदकुंकू वाहिलं."

"हा डबाबी काढला?" त्याने डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यावर) बोट ठेवले.

"तो तर आधी! आमच्या हिनं चिंचेनं लख्ख केला."

"अन् तुमी बसवला अंदाजानं. ठिणगी उशिरा पडून राहिली, साहेब. देव पावला, पन इंजिन रुसलं!"

त्याने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडल मारायला लावले.

"हळू, भाऊ! दळन दळून राहिले काय?"

आतल्या हवेने अंगठा उचलला तशी त्याने पुलीवरची खूण जुळवली. मग आतले ठिणगी पाडणारे पॉइंट नुकते उघडतील इतका डबा वळवला. इंजिन सुरू करून, डोळे मिटून, आवाज ऐकत आणखी केसभर वळवला आणि आवळला.

"जमलं. आता पळा!"

शाळेत पोचायला एक वीस झाले. शेवटचा उमेदवार बाहेर पडत होता. मुख्याध्यापकांनी माझ्या काळ्या हातांचे कारण विचारले. मी खरे ते सांगितले.

"मग हेच नववीला शिकवा," ते म्हणाले.

मी फळ्यावर सिलिंडर काढला. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली निघून गेल्यावर जळणारा वायू त्याला जोराने ढकलत नाही, इंजिनच तापवतो, हे सांगितले. डबा चिंचेने घासल्याचे सांगितले तेव्हा वर्ग खिदळला.

जागा मला मिळाली. निघताना मुख्याध्यापकांनी सहज विचारले, "त्या फिटरचं नाव काय?" मला सांगता आले नाही.

परतताना जिनाशी गाडी थांबवून मी आधी तेच विचारले.

"नथ्थू म्हन्तेत. काहून? पुन्हा बिघडली?"

"नाही, नोकरी लागली!"

"अरे वा! मंग भाकर खाल्ल्याबिगर जायचं नाही."

ज्वारीची भाकर, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेसा (ठेचा) आम्ही तिथेच मांडी घालून खाल्ला.

घरी बाबांना हकिकत सांगताना मी नथ्थूजींपासून सुरुवात केली. आमच्या घरात शिकवणारे कोणी नव्हते. मला जे आले ते परक्यांनी दिले. त्यांची नावे विचारायला मात्र मी त्या प्रवासात शिकलो.