हाक कुठवर जावी

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर अडकले होते, गेटपास निघेनात आणि बाहेर कांद्याचे ट्रक खोळंबले होते. तेव्हा मालेगावकडचा एक नेटवर्कवाला आला. बोलण्याआधी तो प्रत्येक वायर बोटांनी चाचपायचा.

"एक मशीन 'प्रिंटर कुठंय?' म्हणून ओरडतं, अन् बाकीची सगळी काम सोडून ऐकत बसतात," तो म्हणाला. मग लॅपटॉपवरच त्यानं ऑफिसचे तीन भाग पाडले. कॉम्प्युटर जोडणारा डबा तोच, वायरी त्याच, तरी पास निघू लागले.

"पण मधे भिंत कुठंय?" मी गोंधळून विचारलं.

"भिंत नाय लागत साहेब. हाक आता ज्याच्या त्याच्या भागातच फिरंल."

मला काही उमगलं नाही. निघताना तो दारातून ओरडला, "ही आडवी लावलेली पांढरी स्कूटर कोणाची?"

अख्ख्या ऑफिसनं काम सोडून माना वर केल्या. स्कूटर माझी एकट्याची होती.