बोहनीचं गिऱ्हाईक

वेणूबाई शेडगेला कुणी 'थांब' म्हटलं की ती हमखास दोन पावलं पुढे टाकते. ही खोड तिला जन्मापासून नव्हती, वाशीच्या फळबाजाराने लावली. लग्न होऊन पाटणकडच्या खेड्यातून ती दिघ्याच्या खोलीत आली तेव्हा नवरा, भैरू, कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोणी वाहत होता. दोन वर्षांत तीही फळांच्या गाळ्यावर आंबा निवडायला बसली. तयार कुठला, कच्चा कुठला, आतून डागी कुठला, हे ती पेंढ्यात हात घालून न बघता सांगायची. अशी सव्वीस वर्षं गेली. शाळा तिची चौथीत सुटली होती, पण बाजाराने तिला जे शिकवलं ते तिने काळ्या दगडावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं.

बाजाराची पहिली शिकवण अशी, की विकणारा माणूस गिऱ्हाइकाला कधी 'थांबा' म्हणत नाही. म्हणालाच, तर समजावं की माल त्याने मनात दुसऱ्या कुणाच्या नावावर लावून ठेवलाय. तिथे थांबणारा मूर्ख ठरतो. दुसरी शिकवण बोहनीची. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक दुखवायचं नाही, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, आणि वर एक फळ जास्त दिल्याशिवाय त्याला पाठवायचं नाही. पुढचा सगळा धंदा त्याच्या पावलाने येतो.

पाच वर्षांपूर्वी वेणूबाईने स्वतःचा छोटा धंदा मांडला. बाजारातून पेट्या उचलायच्या आणि जुईनगर-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये पोचवायच्या. आंबा चांगला, बोलणं रोखठोक, त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं. अडलं ते टेम्पोवाल्यांपाशी. तिच्या पेट्यांवर कुणी कलिंगडं लादायचा, तर कुणी दुसरं भाडं मिळालं की तिला रस्त्यात उतरवायचा. गेल्या हंगामात तिच्या चाळीस पेट्या भर दुपारी तुर्भ्याच्या पुलाखाली उन्हात पडल्या आणि संध्याकाळपर्यंत निम्म्यांचा आमरस झाला. त्या दिवशी तिने ठरवलं, गाडी आपली पाहिजे आणि चालवणारीही आपणच.

बॅटरीवरच्या पिकअपला गिअर नसतो, क्लच नसतो, हे तिला बाजारात कळलं होतं. मग उरतं काय, तर स्टिअरिंग आणि हिंमत. स्टिअरिंग ती ऐरोलीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीन महिन्यांत शिकली. हिंमत घरचीच होती.

पैशांचं मात्र तसं नव्हतं. वर्षापूर्वी भैरूच्या पाठीने हात टेकले होते आणि त्याचा माथाडीचा फंड हातात आला होता. त्या पैशाला शिवायचं नाही, असं घरात ठरलं होतं आणि ते ठरवलं होतं वेणूबाईनेच. आता तीच विषय कसा काढावा म्हणून दोन दिवस भांडी आपटत होती. शेवटी भैरूच म्हणाला, "घाल त्यात. पाठीचं पैसं हायती. वझं उचलायच्याच कामाला जाऊ देत."

तुर्भ्याला नवंच शोरूम उघडलं होतं. गाडी दाखवायला सोनम नावाची मुलगी होती, पंचविशीची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मॅनेजर अश्विन फोनवर बोलत बाहेर गेला तशी सोनम खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पंधरा-वीस दिवस थांबलात तर बरं होईल."

झालं! वेणूबाईने मान वळवून पाहिलं. शोरूममध्ये लगेच ताब्यात मिळणारी एकच पांढरी गाडी उभी होती, आणि तिच्याभोवती कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण फिरत होता. एका डोळ्याने गाडी बघत होता, दुसऱ्याने घड्याळ. बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माल शर्टवाल्याच्या नावावर लागलाय आणि हमालाची बायको म्हणून मला कटवतायत. तिने पिशवीतून चेकबुक काढलं आणि काचेच्या टेबलावर असं ठेवलं, की अश्विन फोन सोडून आत आला.

रात्री सोनमचा व्हॉइस मेसेज आला. "मावशी, चेक अजून बँकेत गेलेला नाही, उद्या दुपारपर्यंत रद्द करता येईल. मी सांगितलं असं कुणाला सांगू नका हां, पण प्लीज थांबा." वेणूबाईने तो दोनदा ऐकला आणि भैरूला म्हणाली, "बगितलंसा? शर्टवाल्याला केवडी घाई झालीया." सकाळी शोरूम उघडायच्या आधी ती पायरीवर जाऊन बसली होती.

गाडीला हार घातला, नारळ फोडला. पहिली महिला ग्राहक म्हणून अश्विनने हातात मोठी पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो काढला. वेणूबाईच्या नावावर आयुष्यात आलेली ही पहिली वस्तू. रेशनकार्डावरसुद्धा तिचं नाव नवऱ्याच्या खाली, दुसऱ्या नंबरावर होतं. गाडी आवाज न करता शोरूमबाहेर निघाली तेव्हा तिला हुंदका आला आणि तो तिने हॉर्न वाजवून झाकला.

अठराव्या दिवशी त्याच गाडीची किंमत एक लाख तीस हजारांनी उतरली.

बातमी बाजारात पोचायला एक चहा पुरला. ज्यांनी गाडी घेतली नव्हती ते एकदम शहाणे झाले. ज्यांनी कालच बुकिंग केलं होतं आणि पैसे भरायचे राहिले होते ते पेढे वाटू लागले. दिघ्यातल्या शेजारणी म्हणाल्या, पदरी पडलं, पवित्र झालं. वर पुन्हा शोरूमच्या दारावर नवा फलक लागला. त्यावर नवी किंमत हाताएवढ्या अक्षरांत, आणि किमतीशेजारी पुठ्ठ्याची चावी धरून हसणारी वेणूबाई. ज्या भावाने तिला गाडी मिळाली नाही, त्या भावाची जाहिरात तीच करत होती. गाळ्यावरच्या बायका हसून हसून पेंढ्यात पडल्या.

भैरूने मात्र तिच्यासमोर पाठ उघडी केली. कंबरेला मलम लावून घेताना फक्त म्हणाला, "जरा खाली लाव." वेणूबाईला त्या पाठीकडे बघवेना. मुकादमाच्या शिव्यांपुढे कधी वाकली नाही ती पाठ, आणि आपण एका सकाळच्या घाईत तिच्या कमाईतले एक लाख तीस हजार घालवून बसलो. वेणूबाईने मलमाचं झाकण गच्च लावलं. "भरून काडीन," ती म्हणाली. "त्या दुकानाकडनं काडीन नायतर कष्टानं, पर भरून काडीन."

आधीच्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप झाला होता. त्याचा पुढारी ऋषी. हा ऋषी म्हणजे तोच इस्त्रीचा शर्टवाला! वेणूबाईने पांढरी गाडी उचलल्यावर दोन दिवसांनी नवा माल आला, त्यातून त्याने एकदम चार गाड्या घेतल्या होत्या, म्हणजे तो तिच्या चौपट बुडाला होता. तेवढंच काय ते समाधान. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'बुधवारी अकरा वाजता सगळ्यांनी गाड्या घेऊन शोरूमसमोर या. किंमत उतरणार हे त्यांना आधीच माहीत होतं, असा पुरावा कुणाकडे असेल तर वकील म्हणतो फरक परत मिळेल.'

भैरूने ते हळूहळू वाचलं आणि चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "तुज्याकडं हाय की."

वेणूबाईने मेसेज पुन्हा लावला. या वेळी तिला त्यात भलतंच ऐकू आलं. पोरगी कुजबुजत होती, मागे कुकरची शिट्टी होत होती आणि कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. घरातल्या कोपऱ्यात तोंडावर हात धरून बोलली असणार. गाडी खपली नसती तर तिचं कमिशन बुडालं असतं. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. यात तिचा फायदा तो कुठला? फायदा होता तो फक्त समोरच्या अडाणी बाईचा, आणि त्या बाईने तिला लबाड ठरवलं होतं. वेणूबाईला अशी लाज वाटली की कान गरम झाले.

"सव्वीस वर्सं बाजारात काढली," ती म्हणाली. "खरा भाव सांगणारं पयलं मानूस भेटलं, आन् मी त्येला चोर म्हनले."

"एक लाख तीस हजार हायती वेणू," भैरू शांतपणे म्हणाला.

"ठाव हाय मला. तुमच्या पाठीचं हायती. म्हनून तर त्ये पोरीच्या पोटावर पाय दिऊन नगंत."

भैरूने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मग काय करनार?"

"बुधवारी बगू." काय करायचं ते खरं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी ठाणे-बेलापूर रस्त्यालगत पस्तीस-चाळीस गाड्या उभ्या राहिल्या. वेणूबाईच्या गाडीत जुईनगरच्या नंदिनी वहिनींच्या सोसायटीच्या पेट्या होत्या. आंबा काय आंदोलनासाठी पिकायचा थांबत नाही. भैरू शेजारच्या सीटवर कंबरेमागे उशी घेऊन बसला होता. ऋषीने घोषणा दिल्या. अश्विन घाम पुसत बाहेर आला आणि म्हणाला, किंमत कंपनी ठरवते, शोरूमच्या हातात काही नसतं, आम्हालाही त्याच दिवशी कळलं. काचेच्या दारामागे सोनम उभी होती. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"त्याच दिवशी?" ऋषी ओरडला आणि गर्रकन वळला. "मावशी, तुम्हाला गाडी या मुलीनं दाखवली ना? मी होतो तिथं. ती तुमच्या कानात काहीतरी सांगत होती. काय म्हणाली?"

चाळीस माथी तिच्याकडे वळली. भैरूने मान खाली घातली. वेणूबाईच्या हातात फोन होता आणि अंगठ्याच्या एका दाबावर एक लाख तीस हजार होते.

"व्हय, म्हनाली की," वेणूबाईने आवाज चढवला. "म्हनाली, मावशी, पदर दारात अडकंल, संबाळा. अरं, मला कुनी थांब म्हनलं असतं आन् तरीबी मी चेक फाडला असता, येवडी खुळी दिसते व्हय मी?"

सगळे हसले. ऋषीसुद्धा नाइलाजाने हसला. इतकं खुळं कोण असणार! वेणूबाईने फोन बटव्यात टाकला आणि गर्दीतून वाट काढत थेट अश्विनसमोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, ह्या दुकानाची बोहनी कुनी केली?"

अश्विन गोंधळला. "म्हणजे?"

"दुकान उगडलं तवा ही गाडी चालंल का बंद पडंल, कुनाला ठाव नव्हतं. तुमालाबी नव्हतं. तवा पैसं कुनी टाकलं? ह्या चाळीस मानसांनी. आमच्या गाड्या रस्त्याव पळताना बगूनच बाकीची आली ना? मग बोहनीचं गिऱ्हाईक आमी. वाशीच्या बाजारात बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं घरी जात न्हाय. पयल्या डझनावर एक आंबा वर देतो आमी, मग भाव काय का आसंना. पैसं परत देत न्हाय म्हनता, बरं. बाजारातबी कोन देत न्हाय. पर वरचा आंबा कुटं हाय आमचा?"

"मॅडम, असं काही पॉलिसीमध्ये..."

"आन् ह्यो फोटू." तिने फलकाकडे बोट केलं. "ह्या भावाला मला गाडी दिली का? मग त्याच्या शेजारी मी कशापायी दात काडतीय? एक तर वरचं द्या, न्हायतर आत्ता शिडी आना आन् मला उतरवा. सगळ्यांच्या देखत."

कुणीतरी लगेच मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. अश्विनने एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

तेव्हा कुठे वेणूबाईला कळलं की आपल्याला काय पाहिजे. शोरूमच्या आवारात चार्जिंगची दोन यंत्रं होती आणि ती दिवसभर मोकळी असायची. तिला मात्र रोज पंपावर रांग लावून, युनिटमागे पैसे मोजून गाडी भरावी लागायची. "दोन वर्सं हितं फुकट चार्जिंग," ती म्हणाली. "ह्या चाळीस गाड्यांना. लिवून."

अश्विन वरच्या साहेबांना फोन करायला आत गेला तो पाऊण तास बाहेर आलाच नाही. लोक कंटाळले. दोन-तीन गाड्या निघूनही गेल्या. वेणूबाई हलली नाही. तिने नंदिनी वहिनींना फोन करून सांगितलं, पेट्या दुपारी येतील, एखाददुसरी कमी आली तर उद्या भरून देते. मग गाडीचं मागचं फळकं पाडलं आणि तिथेच विकायला बसली. पहिली पेटी ऋषीच्या गळ्यात मारली. पैसे कपाळाला लावले आणि त्याच्या हातावर एक आंबा वर ठेवला. "ह्ये बगा सायेब," काचेआडून वाकून बघणाऱ्या अश्विनला तिने मोठ्याने सांगितलं, "अशी अस्ती बोहनी!"

शेवटी दीड वर्षावर तुटलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. ऋषीला ते पटलं नाही, तो वकिलाकडे जाणार होता आणि पुढे गेलाही. बाकीच्यांनी कागदाचे फोटो काढून घेतले आणि धंद्याला लागले. भैरूने गाडीत बसल्या बसल्या बोटांवर हिशेब केला.

"निम्मं निगालं," तो म्हणाला.

"निम्मं ऱ्हायलं," वेणूबाई म्हणाली. "उद्यापासनं सीवूडची एक फेरी वाडवू." तिने सीटबेल्ट लावला. भैरूची उशी सरकली होती, ती नीट केली.

तेवढ्यात सोनम मागच्या दाराने धावत आली. खिडकीशी येऊन कशीबशी म्हणाली, "मावशी... तो मेसेज..."

"कसला मेसेज?" वेणूबाईने तिच्यादेखतच फोन काढला आणि तो पुसून टाकायला अंगठा दाबला. "माज्या फोनात आंब्याच्या भावाबिगर काय येत न्हाय."

सोनमचे डोळे भरले. ते बघून वेणूबाईला राग आला, कारण तिचेही भरायला लागले होते. तिने गाडी चालू केली. नेहमीप्रमाणे आवाज काही झालाच नाही.

"रडू नगंस. आन् ऐक, दिवाळीपातूर दुसरी गाडी घ्याची हाय मला," ती म्हणाली. "तवा थांब म्हन. थांबंन मी."

शेजारी भैरू दचकला आणि दुसऱ्या गाडीच्या किमतीचा विचार करत त्याने उशी पुन्हा कंबरेमागे घेतली.