कण्यांचं पुडकं

नागपूरच्या विमानतळावर आईने माझ्या बॅगेत ज्वारीच्या कण्यांचं पुडकं कोंबलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "कोनी विचारलं तं रवा हाय म्हनजो."

मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान शहरात नोकरीला निघाले होते. तिथल्या तपासणीवाल्याला रवा काय नि कण्या काय! पण आमच्या घरची सवयच तशी. आईचं माहेर कन्हान नदीच्या पलीकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन ती नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या कारकुनांच्या घरात आली. भरडलेली ज्वारी शिजवून ताकाशी खाणं तिला जीव की प्राण, पण बेल वाजली की पातेलं ओट्याखाली जायचं. मोठ्या काकांसमोर तर भातच. कण्या खायच्या, पण सांगायच्या नाहीत, हे मी बोलायच्या आधी शिकले असेन.

माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना ठाऊक आहे, पहिलं वर्ष माणूस पोटानेच रडतं. माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर मिस लोरेटाचं छोटं रेस्टॉरंट होतं. तिथे ग्रिट्स समोर आल्या आणि पहिल्याच घासाला मी थबकले. अहो, मक्याच्या कण्या! वर बटर वितळत होतं, आणि चर्चमधून सुटाबुटात आलेली माणसं त्यासाठी रांगेत उभी होती.

दोन वर्षांनी आई आली, तिला तिथेच नेलं. मिस लोरेटाने विचारलं, तुमच्याकडे असं काही करतात का? मी पटकन म्हणाले, "खेड्यात खातात. आम्ही नाही."

आईला तेवढं इंग्रजी कळतं. तिने चमचा खाली ठेवला.

"काहून खोटं बोलून राहिली वं? याच्यावरच तं वाढली तू."

मग छातीवर हात ठेवून मिस लोरेटाला म्हणाली, "माय फूड. आय कुक." पर्समधली लसणाच्या चटणीची डबी काढून तिने ग्रिट्सवर चटणी घातली आणि प्लेट पुढे सरकवली. मिस लोरेटाने घास खाल्ला, डोळे पुसले आणि आणखी चटणी मागितली. शेजारच्या टेबलानेही मागितली. मला माझीच लाज वाटली, आणि आईचा एवढा अभिमान की रडूच आलं.

यंदाच्या दिवाळीत मी नंदनवनात होते. बेल वाजली, दारात मोठे काका. माझा हात आपोआप पातेल्याकडे गेला, त्यावर आईने चापट मारली. पातेलं उचलून ती थेट हॉलमध्ये गेली.

"भाऊजी, कण्या केल्या आज. घेता ना?"

काका पातेल्यात डोकावले.

"आधी काहून नाही सांगितलं? आम्ही बी दार लावूनच खातो ना!"

इतकी वर्षं दोन्ही घरं एकमेकांपासून तेच लपवत होती. हसून हसून पुरेवाट झाली, आणि काकांनी तीनदा वाढून घेतलं.

परतताना आईने पुन्हा पुडकं दिलं. या वेळी वर मार्करने ठळक लिहिलं होतं: कण्या. बेल वाजली तरी पातेलं ओट्यावरच राहतं, ते माझं घर. अशी आता माझी दोन आहेत, एक नंदनवनात आणि एक मिस लोरेटाच्या गल्लीत.