निकालाआधीची उपकारस्तुती

प्रार्थनासभेत सगळे डोळे मिटून बसतात, म्हणून किस्से घडतात. आणि एखादा डोळे उघडे ठेवून बसतो, म्हणून ते साठतात. बारामतीत जळोचीच्या बाजूला शांतवनतात्यांच्या घरी आमची दर गुरुवारी सभा भरायची. तिथे उघडे डोळे माझे. तेव्हा मी कचेरीत हेडक्लार्क होतो.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हिवाळा होता. तात्यांच्या पत्नी मार्थाबाई यांच्या मानेवरची गाठ पुण्यात काढली होती आणि तुकडा तपासायला गेला होता. साधी गाठ की कॅन्सर, हे पंधरा दिवसांनी कळणार होतं.

* * *

तात्या एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांची प्रार्थनासुद्धा रस्त्यानेच जायची.

"प्रभू, स्वारगेटला उतरलं की उजवीकडं वळायचं. तिसऱ्या चौकात पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला. तितं आमचा तुकडा हाय!"

कॉटवरून मार्थाबाई म्हणाल्या, "तिकीट बी काढून द्या त्येला!"

* * *

पुढच्या गुरुवारी इंदापूरच्या चर्चचे पाळकसाहेब उपदेशाला आले. विषय, 'माणसाची बुद्धी तोकडी, म्हणून देवावर भिस्त ठेवा.' बोलणं उत्तम. पण परतीच्या गाडीसाठी पाच मिनिटांत तीनदा घड्याळ पाहिलं.

मार्थाबाईंनी विचारलंच, "पाळकसाहेब, देवावर भिस्त हाय, यष्टीवर न्हाय व्हय?"

पाळकसाहेबांनी आशीर्वाद उभ्याउभ्याच दिला!

* * *

तात्यांना घरात चैन पडेना. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हुसेनभाईंच्या एसटीडी बूथवर जाऊन ते पुण्याच्या लॅबला फोन लावायचे. रोज तेच उत्तर, "अजून आला नाही." तरी दुपारी पुन्हा हजर!

हुसेनभाई एकदा म्हणाले, "तात्या, तुमी देवाला रोज सांगता म्हणं. मग माझ्याकडं दोन-दोन खेपा कशाला?"

तात्या म्हणाले, "त्यो उचलतो, पण बोलत न्हाय. हे बोलतात तरी!"

* * *

एका संध्याकाळी तात्यांनी मला अंगणातच गाठलं. "भाऊसाहेब, तुमी एवढं वाचता. तिनं कुणाचं काय वाईट केलं? मग देव असं का करतो?"

मी कचेरीतल्या सवयीने म्हणालो, "प्रकरण विचाराधीन आहे."

तात्या हसले नाहीत. वळले आणि थेट हुसेनभाईंच्या बूथकडे चालू लागले.

* * *

आमच्यात आजारी माणूस बरा झाला की उपकारस्तुतीची सभा घेतात. मार्थाबाईंनी ती रिपोर्टच्या आधीच बोलावली!

मी म्हणालो, "निकाल तर कळू द्या."

"चांगला आला तर आभार कुनीबी मानंल, भाऊसाहेब. वाईट आला तर तुमी कोन येनार न्हाय. म्हनून आत्ताच बलावलंय."

घर गच्च भरलं. पहिलं गीत संपत होतं, तेवढ्यात तात्यांचा पुतण्या पुण्याहून पाकीट घेऊन दारात उभा! गीत शेवटच्या ओळीवर तुटलं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून कागद माझ्या हातात आला. मी दोनदा वाचला. एकेक शब्द हातभर लांब. चांगलं की वाईट, पत्ता लागेना. डॉक्टर थेट सोमवारी भेटणार होते.

"काय लिवलंय, भाऊसाहेब?" तात्यांनी विचारलं.

"कळत नाही, तात्या."

सगळ्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं.

मार्थाबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, उशाखाली सारला. "मग आता प्रार्थना तुमीच करा."

वीस वर्षांत त्या सभेत मी 'आमेन'पलीकडे तोंड उघडलं नव्हतं. उठलो. "हे प्रभू..." म्हणालो. पुढे काही येईना. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाजही विरला. कुणीतरी खाकरलं. मी तसाच उभा.

मार्थाबाई म्हणाल्या, "आमेन. पोचली!"